शिवेवरची उशी

१८७६ सालची ही गोष्ट. त्या वर्षी ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणाचा सण मे महिन्याच्या पंचवीस तारखेला, गुरुवारी आला होता. त्याच गुरुवारी सकाळी नऊ वाजता इंग्लंडमधल्या विंडलहॅम गावच्या रेक्टरीतली मोलकरीण केझिया गॅरड हिचे लग्न रूबेन हॉजशी लागायचे होते. दुपारी बाराला सामानाची गाडी निघणार, संध्याकाळी इप्सविचहून आगगाडी, आणि शनिवारी लिव्हरपूलच्या धक्क्यावरून कॅनडाचे जहाज. जहाजाच्या कागदावर ‘मिस्टर आणि मिसेस हॉज’ असे लिहूनही झाले होते.

केझियाची थोरली बहीण रूथ आठ वर्षांपूर्वी अशीच एकाला सोडायला स्टेशनवर गेली होती. तो ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंडला पोचल्यावर तिला बोलावून घेणार होता. रूथ अजून दर वसंतात लग्नासाठी जमवलेल्या चादरी पेटीतून काढून उन्हात घालायची आणि संध्याकाळी पुन्हा घडी करून ठेवायची. घरात त्यावर कोणी बोलत नसे. म्हणून केझियाने रूबेनला पहिल्याच दिवशी सांगून टाकले होते, “मी मागून येणार नाही. बरोबर येईन, नाहीतर येणारच नाही.” रूबेन चाके करणारा सुतार. कमी बोलायचा. त्याने मान हलवली आणि दोन तिकिटे काढली.

विंडलहॅमची रेक्टरी, म्हणजे गावच्या पाद्रीसाहेबांचे राहते घर, बाहेरून दिसायचे एक आणि आतून होते भलतेच. पुढून पाहिले तर लाल विटांची सरळ भिंत, मधोमध पांढरे दार, दोन्ही बाजूंना सारख्या खिडक्या. तो चेहरा १७०८ सालचा. त्याच्यामागे तीनशे वर्षांपूर्वीचे लाकडी घर तसेच उभे होते. ओकचे वासे, मातीच्या भिंती, प्रत्येक खोलीची जमीन वेगळ्या उंचीवर. माळ्यावरचे वासे काजळीने काळेभोर होते. चिमणी यायच्या आधी लोक खोलीच्या मध्यावर शेकोटी पेटवत आणि धूर वाट मिळेल तिकडून जाई, त्या वेळची ती काजळी. केझियाला हे ठाऊक नव्हते तेव्हा तिने एक अख्खा शनिवार ते वासे घासण्यात घालवला होता.

जिन्याजवळच्या दोन खिडक्या विटा रचून बुजवलेल्या होत्या. एके काळी सरकार खिडक्यांवर कर घ्यायचे, तेव्हाच्या रेक्टरांनी तो वाचवला. घराचा चेहरा बिघडू नये म्हणून त्या विटांवर काळ्या रंगाने काचा आणि पांढऱ्या रंगाने चौकट काढलेली होती. नवी मोलकरीण आली की स्वयंपाकीण मिसेस फ्लिंट तिला बादली देऊन त्या काचा पुसायला पाठवायची. केझियाने चार वर्षांपूर्वी पाव तास पुसल्या होत्या. मिसेस फ्लिंटचे लग्न कधी झालेच नव्हते, पण रेक्टरीत स्वयंपाकीण म्हटली की मिसेस म्हणायचे, तशी ती मिसेस होती.

घराचा सगळ्यात नवा भाग म्हणजे पूर्वेकडचे स्वयंपाकघर. ते १८२१ साली डॉक्टर पार्गेटर नावाच्या रेक्टरांनी बांधले. त्यांना अकरा मुले होती आणि जुने स्वयंपाकघर पुरत नव्हते. जुन्या घराला चिकटून एक दांडगी चिमणी उभी केली, तिच्यापासून पूर्वेला लांबलचक स्वयंपाकघर काढले, आणि वर नोकरांची खोली. त्या खोलीत पश्चिमेला चिमणीची ऊबदार भिंत आणि पूर्वेला एक खिडकी. मध्ये दोन लोखंडी पलंग, एक मिसेस फ्लिंटचा, एक केझियाचा. हिवाळ्यात त्या दोघी चिमणीकडे डोके करून झोपत. एक मे उजाडला की गाद्या उलटायच्या, उशा खिडकीकडच्या टोकाला न्यायच्या आणि ऑक्टोबरपर्यंत वाऱ्याकडे डोके. हा शिरस्ता मिसेस फ्लिंट त्या घरात आली तेव्हापासूनचा.

आताचे रेक्टर मिस्टर अँब्रोज थर्लो यांना या घराचे वेड होते. एकटा जीव, साठीला आलेले. सात वर्षे ते रेक्टरीचा इतिहास लिहीत होते. कुठल्याही भिंतीवर टकटक करून कान लावायचे. जेवणाच्या टेबलावर जुने खिळे ठेवायचे. चर्चमधल्या मोठ्या लाकडी पेटीतले पॅरिशचे, म्हणजे त्या चर्चच्या हद्दीचे, जुने कागद ते सकाळच्या न्याहारीला घेऊन बसत आणि काही गमतीचे सापडले की मोठ्याने वाचून दाखवत. ऐकायला त्यांची बहीण मिस लेटिशिया आणि अंडी वाढणारी केझिया.

लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाच्या, दिवसांत एकदा त्यांनी वाचले होते. “ऐक, लेटी. १७३८ साल. गुडी बार्बर नावाची म्हातारी विधवा. हिची झोपडी बरोब्बर आपल्या आणि हॅसलफर्डच्या शिवेवर. तिला पोसायचं कुणी, यावरून दोन्ही पॅरिशची भांडणं. शेवटी दोन्हीकडची मंडळी जमली आणि असं ठरलं की, म्हातारी रात्री उशीवर डोकं ज्या पॅरिशमध्ये ठेवते, ती तिथली. पाय कुठंही असोत.”

“अंडं निवतंय,” मिस लेटिशिया म्हणाल्या. “आणि बिछान्याच्या गोष्टी न्याहारीला नकोत.”

मिस लेटिशिया म्हणजे घराची शिस्त. उंच, ताठ, हातात चांदीच्या मुठीची काठी. डाव्या गुडघ्यात दुखणे होते, म्हणून नोकरांच्या खोलीचा उभा जिना त्यांनी तीन वर्षांत चढला नव्हता. पण त्या खोलीतसुद्धा अभ्र्याचे तोंड दाराच्या उलट दिशेला आहे की नाही, हे त्या खालून विचारायच्या. अभ्र्याचे उघडे तोंड दारातून दिसता कामा नये, हा त्यांचा नियम. केझियाला तो महिन्याभरात जमला. मिसेस फ्लिंटला एकोणीस वर्षांत जमला नाही.

केझियाने लग्नाचे सांगितले तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, “चार वर्षं घालवली मी तुला उशीला अभ्रा घालायला शिकवण्यात. आता तू कॅनडात जाऊन गवताच्या पेंढीला घाल.”

“बाईसाहेब, तिथं उशा असतात म्हणे.”

“असतील. तोंड कुठं करायचं ते कुणाला ठाऊक असेल?”

तर त्या वर्षी रेक्टरसाहेबांच्या मनात आले की शिवेची फेरी पुन्हा सुरू करायची. जुना रिवाज होता. स्वर्गारोहणाच्या आदल्या दिवशी सगळा गाव विलोच्या छड्या घेऊन पॅरिशच्या शिवेवरून चालायचा, प्रत्येक शिवेच्या दगडाला छड्यांनी झोडपायचा, आणि एखाद्या पोराला उलटे धरून त्याचे डोके दगडावर आपटायचा. जोरात नाही, पण जन्मभर लक्षात राहील इतके. नकाशे कोणाकडे होते? गावाची शीव म्हाताऱ्यांच्या टाळक्यात असायची. आणि फेरी शिवेवरूनच जायची. ओढा आला तर ओढ्यातून, काटे आले तर काट्यांतून.

ही फेरी बावन्न वर्षे बंद होती. का बंद पडली ते कोणी विचारले नव्हते. रेक्टरसाहेबांनी शेजारच्या हॅसलफर्डच्या पाद्रींना पत्र घातले, छड्या तोडून घेतल्या, आणि जेबेझ फेनला पुढे चालायला बसवले. जेबेझचे वय एक्क्याऐंशी. चालणे जमत नव्हते, म्हणून त्याला हातगाडीवर बसवून ढकलत नेले.

बुधवारी दुपारी साधारण दोन वाजता केझिया स्वयंपाकघरात दुसऱ्या दिवशीच्या केकला साखर लावत होती. बाहेर गलका ऐकू आला. फेरी बागेच्या उत्तरेच्या कुंपणातून आत शिरली होती आणि सरळ स्वयंपाकघराच्या खिडकीकडे येत होती. पुढे हातगाडी, त्यावर जेबेझ.

मिसेस फ्लिंटने खिडकीतून डोके बाहेर काढले. “जेबेझबाबा, रस्ता तिकडून आहे.”

“रस्त्याचं मी काय करू, डोर्कस? मी शिवेवर आहे. बाजूला हो.”

“शीव बागेच्या पलीकडं आहे. तिथं हेजचं कुंपण आहे ना.”

“हेज पार्गेटरसाहेबांनी लावली. तिथं आधी काही नव्हतं. शिवेचा चर इथनं जायचा, तुझ्या मोरीखालनं. माझं डोकं आपटलं त्याला त्र्याहत्तर वर्षं झाली. मला सांगतेस?”

मागे चाळीसएक माणसे उभी. त्यांत इप्सविचहून सकाळीच आलेला रूबेन होता, हातात छडी, बुटांना ओढ्याचा चिखल. रेक्टरसाहेब पुढे झाले. त्यांचे डोळे चमकत होते. “मिसेस फ्लिंट, खिडकी उघडा.”

“साहेब, मी आत्ता फरशी पुसलीय.”

“बावन्न वर्षांनी एकदा,” ते म्हणाले.

माणसे एकामागून एक मोरीवरच्या खिडकीतून आत आली. जेबेझला दोघांनी उचलून आत दिले. तो स्वयंपाकघराच्या मध्यावर उभा राहिला, काठी टेकली, इकडे तिकडे पाहिले. “ही चिमणी तेव्हा नव्हती. पण चर्चचा मनोरा त्या खिडकीतनं दिसतोय, आणि माझा दगड त्याच्या रेषेत होता. ते पिठाचं पिंप सरकवा.”

पिंप सरकवले. खाली विटांची फरशी, आणि विटांमध्ये एक चौकोनी दगड. या जागी पिंप कधीच नीट बसत नाही म्हणून मिसेस फ्लिंट एकोणीस वर्षे त्याच्याखाली पुठ्ठा घालत आली होती. केझियाने ओल्या फडक्याने दगड पुसला. त्यावर क्रूस कोरलेला होता.

मग एकाने छडी उचलली आणि दगडावर मारली, आणि मग सगळ्यांनी मारल्या.

“म्हणजे पार्गेटरसाहेबांनी चर बुजवून पलीकडच्या पॅरिशमध्ये घर वाढवलं,” रेक्टरसाहेब म्हणाले. ते गुडघ्यावर बसून दगडाची लांबीरुंदी घेत होते. “आणि फेरी आपल्या नव्या स्वयंपाकघरातून जाऊ नये म्हणून—”

“म्हणून फाटकावर बिअर पाजली,” जेबेझ म्हणाला. “तीन वर्षं पाजली. चौथ्या वर्षी कुणी शीव विचारलीच नाही. बिअर चांगली होती.”

हसू पिकले. रेक्टरसाहेब लिहीत होते. लिहिता लिहिता त्यांनी मोठ्याने म्हटले, “म्हणजे चिमणी आपल्याकडची, आणि पूर्वेची खिडकी, पलीकडची धान्याची खोली, वरची अर्धी खोली हॅसलफर्डची.” आणि त्यांची पेन्सिल थांबली.

त्यांनी वर पाहिले. छताकडे. मग केझियाकडे.

केझियाला त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळले नाही. रूबेनला मात्र कळले असावे. त्याने हातातली छडी खाली ठेवली.

“केझिया,” रेक्टरसाहेब म्हणाले, “तू वर झोपतेस.”

“हो, साहेब.”

“तुझ्या लग्नाचा पुकारा, कुणाची हरकत असेल तर सांगा म्हणून, मी तीन रविवार इथं केला. विंडलहॅमच्या चर्चमध्ये. रूबेनचा इप्सविचला झाला. ज्याचा त्याचा पुकारा ज्याच्या त्याच्या पॅरिशमध्ये व्हायला हवा. तू जर हॅसलफर्डची रहिवासी असशील, तर तुझा पुकारा झालेलाच नाही.”

मिसेस फ्लिंट म्हणाली, “साहेब, चार वर्षं ती इथंच राहते. माझ्या नाकासमोर.”

“आत्तापर्यंत हे कुणाला ठाऊक नव्हतं. ठाऊक नसताना लग्न लावलं असतं तर ते पक्कं झालं असतं, कुणी बोट लावू शकलं नसतं. पण आता मला ठाऊक आहे, ह्यांना दोघांना ठाऊक आहे. ठाऊक असून लावलं तर ते लग्नच नव्हे.” ते हे सगळे शांतपणे सांगत होते, पण कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. “बिशपच्या कचेरीतून परवाना काढता येतो. जायला यायला दोन दिवस. आणि उद्या सणाची सुट्टी.”

“आमचं जहाज शनिवारी आहे,” रूबेन म्हणाला.

“मला माहीत आहे.”

“मग मी पुढं जातो, आणि—” रूबेनने केझियाकडे पाहिले आणि वाक्य तिथेच सोडले.

ती हातात साखरेची सुरी घेऊन उभी होती. तिच्या डोळ्यांपुढे रूथ उभी राहिली, दोन्ही हातांत चादरीची टोके धरून.

जेबेझ स्टुलावर बसला होता. त्याने टोपी काढून मांडीवर ठेवली. “मी तोंड मिटून हेजजवळनं गेलो असतो तर बरं झालं असतं, पोरी.”

“तुम्हाला विचारलं, तुम्ही सांगितलंत, बाबा,” ती म्हणाली.

आतल्या दारात काठीचा आवाज झाला. मिस लेटिशिया तिथे किती वेळ उभ्या होत्या कोणाला ठाऊक. त्यांनी फरशीवरच्या चिखलाकडे पाहिले, चाळीस माणसांकडे पाहिले, आणि भावाकडे.

“अँब्रोज, लेंटमध्ये तू न्याहारीला काहीतरी वाचलं होतंस. झोपडीतल्या म्हातारीचं.”

रेक्टरसाहेबांनी वही मिटली. मग उभे राहिले. “गुडी बार्बर. डोकं जिथं, ती तिथली. दोन्ही पॅरिशनी सह्या केल्यात त्यावर. आणि तो ठराव कुणी मोडलेला नाही.” ते केझियाकडे वळले, “तुझी उशी कुठल्या बाजूला असते?” ती उत्तर देणार इतक्यात मिस लेटिशिया म्हणाल्या, “आधी शीव नेमकी कुठून जाते ते मोजा. अंदाजानं बोलू नका. आणि केझिया, ही माणसं सकाळपासून चालतायत. सायडर वाढ.”

केझियाने सफरचंदाच्या दारूच्या पिंपाची तोटी सोडली. तिला जिन्याकडे पळायचे होते. उशी खिडकीकडे होती. एक मेपासून खिडकीकडे होती, आणि पुकारे सात, चौदा आणि एकवीस मेचे. तिचे डोके तिन्ही रविवारी हॅसलफर्डमध्ये होते. चाळीस पेले, आणि प्रत्येक जण ‘कॅनडात असलं मिळणार नाही हं’ असे काहीतरी बोलायला थांबत होता. मिसेस फ्लिंट पाव कापत होती. तिने एकदा केझियाकडे पाहिले आणि एकदा छताकडे. पण तिच्याभोवतीही माणसांचा गराडा होता.

रूबेन आणि रेक्टरसाहेब मोजत होते. चिमणीच्या भिंतीपासून दगडाच्या मध्यापर्यंत आठ फूट चार इंच. रूबेनने पट्टी तीन वेळा लावली. एकदा जरा सैल धरली असती तरी कोणी बोलले नसते, पण तो तसला माणूस नव्हता. चाक एका केसाने चुकले तर गाडी वाकडी चालते, आणि तो आयुष्यभर ते एकच शिकला होता.

शेवटचे पेले भरताना केझियाने तोटी मिसेस फ्लिंटच्या हातात दिली आणि जिना चढली. दार लोटले.

उशी चिमणीकडे होती.

तिच्या पलंगावरची चादर ताणून बसवलेली, पायथ्याशी घोंगडी चौकोनी घडीची. मिसेस फ्लिंटच्या पलंगावरची उशीसुद्धा फिरवलेली, म्हणजे एकच फिरवली असे दिसू नये. केझियाला आधी वाटले, मिसेस फ्लिंटनेच केले. मग तिने उशांकडे नीट पाहिले. दोन्ही अभ्र्यांची तोंडे दाराच्या उलट दिशेला होती. काटेकोर, कोपरे आत दाबलेले.

मागे जिन्यावर पावले वाजली. ती खिडकीपाशी सरकून उभी राहिली.

रूबेनने पुन्हा चिमणीपासून मोजले. तीच चिमणी, तीच भिंत, खालून वर सरळ आलेली. आठ फूट चार इंचांवर त्याने जमिनीवर खडूची रेघ ओढली. रेघ दोन्ही पलंगांखालून गेली, साधारण कमरेच्या खालून. उशी विंडलहॅममध्ये आणि पाय हॅसलफर्डमध्ये.

रेक्टरसाहेब रेघेच्या अलीकडे उभे होते. त्यांनी उशीकडे पाहिले. बराच वेळ पाहिले. मग वही उघडली.

“केझिया, तू अशी झोपतेस?”

खिडकीबाहेर मोरीजवळ माणसे हसत होती. रूबेन खडू हातात धरून तिच्याकडे पाहत होता.

“सबंध हिवाळा अशीच झोपले, साहेब,” केझिया म्हणाली.

रेक्टरसाहेबांनी आणखी एक प्रश्न विचारायला तोंड उघडले असे तिला वाटले. त्यांनी ते मिटले. वहीत दोन ओळी लिहिल्या, वही खिशात घातली आणि म्हणाले, “उद्या नऊ वाजता. उशीर करू नका. बाराच्या आत सगळं उरकायला हवं.”

लग्न नऊ वाजून दहा मिनिटांनी लागले. रूथ आली होती, आणि तिने केझियाच्या पेटीत आपल्या चादरींपैकी दोन घातल्या होत्या. जेबेझ पहिल्या बाकावर बसला होता, डोक्याचे ते जुने टेंगूळ कोणी विचारेल त्याला दाखवत. मिसेस फ्लिंट रडली नाही, पण केक कापताना तिचा हात घसरला. गाडीत सामान चढवताना ती केझियाच्या कानाशी येऊन म्हणाली, “शाबास, बये. तोटी माझ्या हातात देऊन पटकन वर पळालीस.”

“मी गेले तेव्हा फिरवलेलीच होती.”

मिसेस फ्लिंटने तिच्याकडे पाहिले. मग घराकडे.

मिस लेटिशिया पांढऱ्या दारात उभ्या होत्या. त्यांचा गुडघा त्या दिवशी फारच दुखत असावा, कारण काठीवर त्यांनी दोन्ही हात टेकले होते. त्यांनी केझियाला कागदात बांधलेली एक पुडी दिली. आत लिननचे दोन अभ्रे होते.

“कॅनडात दार कुठल्या दिशेला असतं ते मला ठाऊक नाही,” त्या म्हणाल्या. “तुझं तू बघ.”

“उशीबद्दल आभार मानायचे होते, बाईसाहेब.”

“मी अभ्रे दिलेत. उशीचं मला काही माहीत नाही.” आणि थोडे थांबून, “पण एकदा ठेवली तशी ठेवावी माणसानं. सारखी फिरवू नये.”

जेबेझ फेन त्याच हिवाळ्यात गेला. त्याच्या मागे जुन्या फेरीत चाललेले माणूस गावात उरले नाही, पण दगड उरला. मिसेस फ्लिंट १८८१ पर्यंत रेक्टरीत राहिली, मग पायांनी थकल्यावर साउथवोल्डला भाचीकडे गेली. पिठाचे पिंप तिने पुन्हा दगडावर ठेवले नाही, बाजूला ठेवले, आणि पुठ्ठ्याची गरज संपली. रूथने १८७९ साली एका विधुर गिरणीवाल्याशी लग्न केले, आणि उरलेल्या चादरी वापरून वापरून फाडल्या.

१८८५ साली दोन्ही पॅरिशच्या सीमा कागदावर नव्याने आखल्या गेल्या. सबंध स्वयंपाकघर, वरची खोली, धान्याची खोली, बाग, हेजसकट सगळे विंडलहॅममध्ये आले. रेक्टरसाहेबांनी ते केझियाला पत्राने कळवले. ते १८८९ मध्ये वारले. त्यांचा इतिहास छापला गेला नाही, हस्तलिखित अजून जिल्ह्याच्या दप्तरात आहे. त्यात २४ मे १८७६ च्या पानावर दगडाची मोजमापे चांगली पाऊण पान आहेत, आणि खाली दोन ओळी: “उशी पाहिली. चिमणीकडे होती. लेटीचा गुडघा आज फारच सुजला आहे, कारण सांगत नाही.”

मिस लेटिशिया १८९४ पर्यंत जगल्या. पुढचे रेक्टर आले, गेले. ते घर गरम ठेवणे कोणाला परवडेना, तेव्हा चर्चने १९५३ साली ते विकले आणि रेक्टरसाठी पलीकडे चार खोल्यांचे नवे घर बांधले. जुन्या घरात आता एक दातांचे डॉक्टर राहतात. त्यांनी बुजवलेल्या खिडक्यांवरच्या रंगवलेल्या काचा मुद्दाम तशाच ठेवल्यात.

रूबेन हॉजने ओंटॅरिओत गुएल्फजवळ चाकांचा कारखाना काढला, पुढे मोटारी आल्यावर शिड्या बनवल्या, आणि १९१९ साली गेला. त्याने त्या उशीबद्दल बायकोला कधी विचारले नाही. तिने सांगितले नाही. ठाऊक दोघांना असावे लागते, असे रेक्टरसाहेब म्हणाले होते, आणि तिने आपल्यापुरते ते एकटीकडेच ठेवले.

तिला सहा मुले झाली, तीन घरे बदलली. ओंटॅरिओचा जुलै म्हणजे छपरातून आग. रूबेन जून लागला की उशी खिडकीकडे न्यायचा. केझियाने त्रेचाळीस वर्षांत आपली उशी चिमणीकडून हलवली नाही. त्यामुळे उन्हाळ्यात नवराबायको उलटसुलट झोपत, त्याचे पाय हिच्या कानाशी, हिचे त्याच्या. मुले हसायची. शेजारणी विचारायच्या. ती म्हणायची, “आमच्याकडं तसंच झोपतात.” १९३४ साली, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी ती गेली तेव्हा ऑगस्ट होता आणि घरातल्या सगळ्या खिडक्या उघड्या होत्या. तिचे डोके चिमणीच्या भिंतीकडे होते आणि अभ्र्याचे तोंड दाराच्या उलट दिशेला.